फोन विहिरीत, नंबर जागेवर: खेड्यात मोबाईलशिवाय राहायचं असेल तर

दोन वर्षांपूर्वी भादव्यात मोटर का बंद पडली म्हणून विहिरीत वाकून पाहायला गेलो आणि शर्टाच्या वरच्या खिशातला फोन डुबुक करून पाण्यात गेला. विहीर तेव्हा तुडुंब भरलेली. नवा घ्यायचा तर कापूस निघेपर्यंत थांबावं लागणार होतं, म्हणून थांबलो. कापूस निघाला, विकला, मग तूरही विकली, फोन काही घेतला नाही. आता फाट्यावरच्या पानठेल्यावर कुणी ना कुणी विचारतंच, "काकाजी, तुमचं बिनाफोनचं जमते कसं?" मागच्या महिन्यात तर पुण्यातली नोकरी सोडून आजोबांच्या वावरात राहायला आलेला एक पोरगा चक्क वही-पेन घेऊन आला. त्याला जे सांगितलं तेच इथे मांडतो. हे वहीत मी लिहिलं, टाइप पुतणीनं केलं. पुढे ही पुतणी बऱ्याचदा येणार आहे.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. सहा एकर कोरडवाहू, त्यात कपाशी, तूर, थोडं सोयाबीन. तुमचं गाव मेळघाटात किंवा भामरागडकडे असेल तर तुम्हाला मी काय शिकवणार? तिकडच्या कितीतरी वस्त्यांत रेंजच येत नाही, म्हणजे हा अभ्यास तुमचा माझ्याआधी झालेला आहे.

सगळ्यात आधी एक फरक डोक्यात पक्का करा. फोन वेगळा आणि नंबर वेगळा. फोनशिवाय आमच्याकडे आरामात राहता येतं. नंबरशिवाय मात्र बँक, गॅस, शेतकरी आयडी, लाडकी बहीण, जिथे जाल तिथे अडतं, कारण तुम्ही तुम्हीच आहात हे ठरवायला सगळे ओटीपी धाडतात. मी फोन सोडला असं लोक म्हणतात. खरं सांगायचं तर माझा फोन आता चार-पाच जणांच्या खिशात विखुरला आहे. ही उधारी नीट कशी ठेवायची, एवढंच खाली सांगतो.

पायरी 1: आधी वही, मग बाकी

दोनशे पानी वही घ्या. पहिल्या पानावर तुमचा सध्याचा नंबर कुठे कुठे दिलेला आहे ते लिहून काढा. आधार, बँकेची सगळी खाती (सोसायटीचं आणि जिल्हा बँकेचं विसरू नका), गॅस, वीजबिल, पीएम किसान, शेतकरी आयडी, रेशनकार्ड, पोरांची शाळा, विमा. माझी यादी एकवीस जागांची निघाली. मला वाटत होतं सहा-सात असतील.

दुसऱ्या पानावर लागणारे नंबर. पूर्वी तीस-चाळीस नंबर आपल्याला तोंडपाठ असत, आता बायकोचाही आठवत नाही. म्हणून फोन अजून चालू आहे तोवरच उतरवून घ्या. मी उतरवले नव्हते. विहिरीत फोन गेला तेव्हा दीडशे नंबर घेऊन गेला आणि ते परत गोळा करायला एक लग्नसराई लागली.

पायरी 2: नंबर कुणाच्या घरी ठेवायचा

इथे घाई करू नका. लोक काय करतात, फोन गेला की सिमही सोडून देतात. रिचार्ज संपतो, काही महिने वापर नसला की नंबर बंद होतो, आणि बंद झालेला नंबर कंपनी किमान 90 दिवसांनी दुसऱ्या माणसाला देऊ शकते. मग तुमच्या खात्याचा ओटीपी कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खिशात वाजतो. नंबर सोडायचाच असेल तर आधी पहिल्या पानावरच्या एकवीसही जागांवरून तो काढून घ्या.

दोन रस्ते आहेत. एक म्हणजे जुनं सिम साध्या बटनाच्या फोनमध्ये टाकून घरातच ठेवायचं, देवळीत किंवा टीव्हीच्या बाजूला, पूर्वीच्या लँडलाईनसारखं. तो खिशात जात नाही, वावरात जात नाही. घरात कुणीतरी असणारं माणूस असेल तर हाच रस्ता बरा.

दुसरा म्हणजे घरच्या किंवा अगदी जवळच्या माणसाचा नंबर आधारला आणि बँकेला जोडायचा. एकाच नंबरावर घरातल्या अनेकांची आधार जोडता येतात. त्यासाठी आधार केंद्रावर स्वतः गेलेलं बरं. मोबाईल नंबर बदलण्याची फी 1 ऑक्टोबर 2025 पासून 75 रुपये आहे. त्याहून जास्त मागितले तर पावती मागा, आवाज आपोआप खाली येतो.

माणूस निवडताना माझी चूक तुम्ही करू नका. मी आधी पुण्याच्या पोराचा नंबर दिला. पोरगा चांगला आहे, पण कंपनीत शिफ्टवर असला की त्याचा फोन लॉकरमध्ये. ओटीपी टिकतो दहा मिनिटं आणि त्याची शिफ्ट आठ तासांची. इकडे मी बँकेच्या खिडकीशी उभा, मागे रांग, आणि पोराला सांगायला माझ्याजवळ फोन नाही! शेवटी नंबर पुतणीचा दिला. ती गावातच राहते, अंगणवाडीशेजारी, सायकलनं दोन मिनिटांवर. तेव्हा माणूस गावातलं पाहा, दिवसा हाताशी लागणारं पाहा आणि अर्थातच ज्याच्या हाती पैशाची पेटी देता येईल असं पाहा.

सेतूवाल्याचा, दुकानदाराचा किंवा फॉर्म भरून देणाऱ्या पोराचा नंबर कधीही देऊ नका. "काकाजी, तुमच्याजवळ नाही ना, मग माहा टाकतो" असं ते अगदी सहज म्हणतात. बहुतेकांच्या मनात काही नसतं, त्यांना फॉर्म पुढे सरकवायचा असतो. पण पुढच्या वर्षी तो पोरगा गाव सोडून गेला की तुमचं आधार त्याच्याबरोबर गेलं.

पायरी 3: अंगठा सांभाळा

ओटीपीला पर्याय म्हणून जिथे तिथे अंगठा चालतो. रेशन दुकानातलं मशीन अंगठ्यावरच चालतं. पीएम किसानची केवायसी ओटीपीनं होते तशी सीएससी केंद्रावर बोटाच्या ठशानंही होते. निवृत्तांचा हयातीचा दाखला ठशावर निघतो, त्यासाठी पोस्टमनला घरीही बोलावता येतं. बँक मित्राकडे (बँकेनं गावात नेमलेल्या माणसाकडे) आधार आणि बोट एवढ्यावर एका वेळी दहा हजारांपर्यंत पैसे काढता येतात.

अडचण एकच, कास्तकाराचं बोट. कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या घरच्या रेशनला गेल्या होत्या. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या कडेला टोचून टोचून बोटं अशी झालेली की त्यावर रेषा शोधाव्या लागतील. दुकानदारानं उजवा अंगठा ठेवायला सांगितला, लाल दिवा लागला आणि मशीन बोंबललं. डावा ठेवला, तेच. पदरानं पुसला, तेच. मागच्या म्हातारीनं सांगितलं, "बाई, केसात घास." केसात घासून तेलाचा हात लागला, तरी नाही. आठव्या वेळी उजव्या हाताचं मधलं बोट लागलं आणि लोकांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून वहीत लिहून ठेवलंय: घरच्यांचं मधलं बोट, उजवं. माझं डावं तर्जनी.

तर आपलं चालणारं बोट कोणतं ते शोधून ठेवा. वेचणीच्या आणि निंदणाच्या दिवसांत रात्री हाताला खोबरेल लावा आणि मशीनवर जायच्या आधी साबणानं धुऊन कोरडं करा. कुठलंच बोट लागत नसेल तर आधार केंद्रावर ठसे नव्यानं घेऊन घ्या, आणि डोळ्याचं मशीन आहे का तेही विचारा, काही ठिकाणी असतं.

बँक मित्राकडे एक पथ्य पाळा. बोट ठेवलं आणि तो म्हणाला "फेल झालं, पुन्हा ठेवा", तर पुन्हा ठेवायच्या आधी फेल झाल्याची चिठ्ठी मागा. नाही निघत म्हणाला तर त्या दिवशी थांबा, आधी पासबुक भरून पाहा. तुमच्याजवळ मेसेज येत नाही, हे त्यालाही ठाऊक असतं.

पायरी 4: बँकेचा वार ठरवा

मेसेज नसल्यावर पासबुक हाच तुमचा मेसेज. आमचा वार तालुक्याच्या आठवडी बाजाराचा. आधी पासबुक छापायचं, मग पैसे काढायचे, मग भाजी. छापायचं मशीन बंद असेल तर हातानं नोंद करून मागा.

एका शाखेत मला खिडकीवरच्या मुलीनं सांगितलं होतं की मोबाईल नंबर दिल्याशिवाय पैसे काढायची स्लिप चालत नाही. मी भांडलो नाही. म्हटलं, हेच कागदावर लिहून द्या, शिक्का मारून. आतून साहेब आले, स्लिप चालली. हे कागदाचं तंत्र सगळीकडे वापरा, पण गोडीनं. कोणताही अर्ज कागदावर दिला की दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारखेसकट. राज्यात लोकसेवा हक्क कायदा 2015 पासून आहे. त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरवून दिलेली आहे, आणि मुदत मोजायला पोचेवरची तारीखच लागते. सातबारा आमचे ग्राम महसूल अधिकारी (आपले जुने तलाठी) देतात, नाहीतर सेतू केंद्रात डिजिटल सहीचा निघतो, सरकारी फी 15 रुपये.

रोख पैसे घरात थोडे जास्त ठेवावे लागतात, त्यातही दहा-वीसच्या नोटा. आता बाजारात भाजीवालीजवळही क्यूआरचा कागद लटकलेला असतो आणि चिल्लर नसते. पाचशेची नोट काढली की ती आपल्याकडे पाहुण्यासारखी पाहते.

पायरी 5: वावराचं काम

हे सगळ्यात किचकट, म्हणून जरा थांबून सांगतो.

ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झाली. तलाठ्यानं पेरा लिहायचा ऐवजी आपण वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि अ‍ॅपमधून पाठवायचा. ती नोंद सातबारावर आली नाही तर नुकसानभरपाईच्या वेळी तुमचं वावर कागदावर पडीक दिसतं. चांगलं हे की एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंदणी करता येते. मी शेजारच्या वावरवाल्याच्या पोराशी दरवर्षीचा करार केला आहे: तो माझी पाहणी करतो, मी त्याची एक दिवस डवरणी करतो.

पहिल्या वर्षी आम्ही दोघं धुऱ्यावर (बांधावर) उभे राहिलो, कारण आत चिखल होता. फोन म्हणाला तुम्ही या गटात नाही. दहा पावलं आत गेलो, तरी म्हणे नाही. शेवटी घोट्यापर्यंत चिखलात तुरीच्या तासात जाऊन उभे राहिलो तेव्हा त्यानं आम्हाला आमच्या बापजाद्याच्या वावरात घेतलं. फोटो निघाला, पण रेंज नव्हती. पोरानं तो जतन केला आणि संध्याकाळी फाट्यावर जाऊन अपलोड केला. तेव्हा शेवटची तारीख पाहू नका, पहिल्या पंधरवड्यातच उरका आणि पोराबरोबर स्वतः वावरात जा. पिकाचं नाव, क्षेत्र, विहिरीची नोंद हे त्यानं अंदाजानं टाकलं तर सातबारावर अंदाजच येतो. कुणीच सापडलं नाही तर गावासाठी नेमलेला पाहणी सहाय्यक उरलेल्या गटांची नोंद करतो, ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे त्याची चौकशी करा. नंतर बारा नंबरचा उतारा काढून पेरा तपासा.

शेतकरी आयडीचं काम एकदाच करायचं असतं, पण त्या दिवशी नंबरवालं माणूस सोबत न्या. मी पुतणीला न्यायला विसरलो आणि कॅम्पमधून एसटीनं परत येऊन तिला घेऊन गेलो. दिवस गेला.

कापसाचं नवीन झालंय. 2025-26 च्या हंगामापासून सीसीआयला (भारतीय कापूस महामंडळाला) हमीभावानं कापूस द्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी करावी लागते, ती 1 सप्टेंबर 2025 पासून सुरू झाली होती. लांब धाग्याला 8110 रुपये आणि मध्यम धाग्याला 7710 रुपये क्विंटल हा त्या हंगामाचा हमीभाव पाहिला आणि खेड्यातल्या व्यापाऱ्याचा भाव पाहिला, की त्या नोंदणीसाठी कुणाचे तरी पाय धरायला हरकत नाही असं वाटतं. सातबारा, आधार आणि पेऱ्याची नोंद घेऊन बाजार समितीत किंवा सेतू केंद्रात जा. एक लक्षात ठेवा, गाडी न्यायची तारीखही त्याच अ‍ॅपवर पडते. ज्याच्या फोनवर नोंदणी केली त्याला दर दोन दिवसांनी विचारत राहा. तो कंटाळेल. त्याच्या घरी वेचणीच्या दिवसांत संत्र्याची पिशवी जात असेल तर कमी कंटाळेल.

हवामानासाठी रेडिओ घ्या, सेलवरचा. आकाशवाणी नागपूरच्या प्रादेशिक बातम्या ऐकायची सवय लावून घ्या. हवामान खात्याचा शेतकऱ्यांसाठीचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, तो कृषी विज्ञान केंद्रात मिळतो आणि पेपरातही त्यातलं बरंच येतं. फवारणीचा दिवस मी त्यावरच ठरवतो. विजेच्या बाबतीत मात्र फोन नसल्याची उणीव खरी आहे. दामिनी नावाचं अ‍ॅप जवळपास वीज पडण्याचा इशारा देतं आणि रेडिओ काही तुमच्या धुऱ्यापुरतं सांगत नाही. म्हणून मृगापासून माझा नियम कडक आहे: गडगडाट कानावर आला की वखर सोडायचा, बैल सोडायचे, झाडाखाली थांबायचं नाही, पक्क्या घरात यायचं. चार तास वाया गेले तरी गेले.

पायरी 6: निरोपाची सोय

लोक तुमच्यापर्यंत कसे पोचतील हे तुम्ही ठरवा, त्यांच्यावर सोडू नका. मी सगळ्या नातेवाइकांना दोन नंबर दिले आहेत. एक पुतणीचा, तातडीसाठी. दुसरा किराणावाल्याचा, आणि त्याच्याबरोबर वेळ: रविवारी संध्याकाळी सात ते साडेसात. त्या अर्ध्या तासात मी दुकानाच्या ओट्यावर असतो. पोरगा फोन करतो, बहीण करते, कधी कुणीच करत नाही आणि मी शेंगदाणे खाऊन परत येतो. किराणावाल्याला महिन्याला एक रिचार्ज देतो. तो नाही नाही म्हणतो आणि घेतो.

नव्या माणसाला एक सांगतो, पहिले दोन महिने तुम्ही घमेंडखोर ठराल. फोन उचलत नाही, ग्रुपवर नाही, म्हणजे पुण्याहून आला आणि लई शहाणा झाला. त्यावर उपाय म्हणजे स्वतः जाणं. लग्नाची पत्रिका आता फोनवरच येते. ज्यांच्या घरी लग्न आहे असं कळलं त्यांच्याकडे मी आमंत्रणाची वाट न पाहता जातो आणि विचारतो, मांडवाला डहाळे कधी आणायचे?

तरी काही चुकतंच. माझी मावशी वारली, वणीकडे. निरोप घरच्या ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांना वाटलं सगळ्यांना कळलं. पुतणी त्या दिवशी परीक्षेला गेली होती, तिचा फोन बंद. मला दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला आलेल्या माणसाकडून कळलं. माती होऊन गेली होती. तेरवीला गेलो तेव्हा मावसभाऊ काही बोलला नाही, ताट वाढलं. ते ताट मला अजून आठवतं. त्यानंतर मी जवळच्या सात घरांत स्वतः जाऊन सांगितलं की मयतीचा निरोप पोलीस पाटलाच्या फोनवर द्या. आमचे पाटील असं काम कधी विसरत नाहीत.

पत्र लिहायचं असेल तर पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं, पोस्टात शिल्लक असलं तर. महत्त्वाचा कागद धाडायचा असेल तर रजिस्टर मागू नका. ती सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टात मिसळली आहे. स्पीड पोस्ट करा आणि पावती वहीला टाचा.

पायरी 7: दुखणं-खुपणं

सोडायच्या आधी हे ठरलं नसेल तर फोन सोडू नका. घराच्या आतल्या भिंतीवर, दाराशेजारी, मोठ्या अक्षरात लिहा: 108 अ‍ॅम्ब्युलन्स, 112 पोलीस. खाली आशाताईचा नंबर आणि रात्री-बेरात्री ज्यांचं दार वाजवता येईल अशी तीन घरं. एक घर नाही, तीन, कारण एक लग्नाला गेलेलं असतं आणि दुसऱ्याचा फोन चार्ज नसतो. 108 वाले पत्ता विचारतात तेव्हा घाबरलेल्या माणसाला सुचत नाही, म्हणून तोही लिहून ठेवा: गाव, तालुका, कोणत्या फाट्यावरून आत, कोणत्या देवळापासून किंवा विहारापासून कितवं घर.

साप चावला तर फोन आहे की नाही हा प्रश्नच नाही. माणसाला चालू देऊ नका, गाडी मिळेल ती घ्या आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाच्या दाराशी एक मिनिटही नको.

आणि काही लोकांनी फोन सोडूच नये. घरात बाळंतपण जवळ आलेली बाई असेल, हृदयाचा पेशंट असेल, तर नाही. रात्री एकट्यानं रानडुकरं आणि रोही (नीलगाई) हाकलायला जागलीला जाणाऱ्यानं नाही, टिपेश्वर किंवा ताडोबाच्या वाघांच्या जंगलाच्या बाजूला तर मुळीच नाही. वावरात एकटी काम करणारी बाई, तिनंही नाही. मी स्वतः जागलीला जातो तेव्हा पुतण्याचा बटनाचा फोन कमरेला बांधून नेतो. यात मला काही लाज वाटत नाही.

पायरी 8: प्रवास

एसटीला फोन लागत नाही. कंडक्टर रोख घेतो. बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्यांना 26 ऑगस्ट 2022 पासून फुकट, फक्त आधार कार्ड कागदाचं जवळ ठेवा. स्टँडवरच्या वेळापत्रकावर विश्वास ठेवू नका, चौकशीच्या खिडकीवर विचारा, आणि मुक्कामी गाडी किती वाजता निघते ते पाठ करा. ती चुकली की रात्र स्टँडवर.

रेल्वेचं साधं तिकीट खिडकीवर मिळतं. आरक्षणाच्या फॉर्मवर मोबाईल नंबराचा रकाना असतो, तिथे पुतणीचा टाका, गाडीचा मेसेज तिला येतो. तत्काळच्या नादी लागू नका. त्याला आता खिडकीवरही ओटीपीची अट यायला लागली आहे.

ज्याच्याकडे जायचं त्याचा पत्ता आणि नंबर चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा आणि भेटीची जागा अशी ठरवा की जी हलणार नाही. "पोचलो की फोन कर" हे वाक्य आता तुमच्यासाठी नाही.

पायरी 9: घरची किरकोळ कामं

गॅस एजन्सीत जाऊन नंबर लावता येतो. सिलिंडर आणणारा कोड मागतो, तो पुतणीच्या फोनवर येतो, म्हणून गाडी यायच्या दिवशी तिला आठवण द्यावी लागते. वीजबिल कागदाचं येतं, पतसंस्थेत भरता येतं. लाईन गेली तर लाईनमनच्या घरी जा. त्याच्या फोनला तसंही पन्नास जण लागलेले असतात आणि तो उचलत नाही. समोर उभ्या माणसाला चहा पाजून का होईना, येतोच.

घड्याळ घ्या, मनगटाचं. भिंतीवर गजराचं. बॅटरी घ्या, चांगली, दोन सेलांची. फोन गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बोलण्यापेक्षा जास्त त्याचा उजेडच वापरत होतो.

पोरांच्या शाळेचं मात्र जुळत नाही, खोटं कशाला बोलू? गृहपाठ, सुट्टी, शिष्यवृत्तीचे फॉर्म सगळं ग्रुपवर. अकरावीचा प्रवेश 2025-26 पासून राज्यभर ऑनलाईन झाला. आमच्याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सी ग्रामपंचायतीनं नोव्हेंबर 2022 मध्ये अठरा वर्षांखालच्यांना मोबाईलबंदी करायचा ठराव केला, तेव्हा पेपरात मोठी बातमी आली होती. ठराव मला पटला. पण घरात मोठ्या माणसाचाही फोन नसेल तर पोराचं नुकसान होतं. शाळेत जाणारं लेकरू असेल तर देवळीतला फोन साधा नको, तेवढा स्मार्ट ठेवा, आणि त्याला देवळीतच राहू द्या.

लाडकी बहीण आणि तसल्या गोष्टी

याची वेगळी पायरी करता येत नाही, कारण इथे माझी सगळी व्यवस्था हरली. सप्टेंबर 2025 मध्ये केवायसी सुरू झाली. बाईच्या आधारचा ओटीपी, त्यावर नवऱ्याच्या किंवा बापाच्या आधारचा ओटीपी. आमच्या घरच्यांचं आणि माझं आधार दोन्ही पुतणीच्याच नंबरावर, म्हणून आमचं ती जेवण झाल्यावर रात्री अकराला बसून करू शकली, दिवसा साईट चालतच नव्हती. शेजारच्या काकूंना नवराही नाही, बापही नाही आणि फोनही नाही. त्या तीन दिवस सेतू केंद्राच्या पायरीवर बसल्या. महिन्याला 1500 रुपये म्हणजे त्यांच्यासाठी तेल, चहा आणि गोळ्या. अशा माणसाला "मोबाईलशिवाय मजेत राहा" सांगणं हा चावटपणा होईल. तुमच्या गावात अशी कुणी असेल तर तुमचा नवा शिकलेला धडा तिच्यासाठी वापरा: तिचा नंबर कुठे कुठे लागतो त्याची यादी करा, तिच्याबरोबर आधार केंद्रावर जा, आणि अंगणवाडी सेविकेकडे कागदावर अर्ज देऊन पोच घ्या.

केव्हा सुरू करायचं

मृगात नको, पेरणीच्या घाईत माणसं हाताशी नसतात. ऑगस्ट-सप्टेंबर नको, पाहणी आणि नोंदण्या असतात. होळी झाली, तूर-चणा घरात आला, की सुरू करा. पहिला आठवडा फोन बंद करून देवळीत ठेवा आणि वहीत लिहा की कुठे कुठे हात खिशाकडे गेला. माझा सगळ्यात जास्त वेळा विहिरीवर गेला. मोटर लागली की नाही हे पाहायला मी तिथे उभा असे आणि उभ्या उभ्या फोन काढत असे. आता उभ्या उभ्या विहिरीत पाहतो. पाणी उन्हाळ्यात खाली गेलं की तो दिसेल असं वाटत होतं, पण अजून दिसला नाही, गाळात गेला असावा.